दाढी कधी येईल ते सगळे सांगतात

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन सुरू केल्यावर आवाज कधी फुटतो, दाढी कधी येते, पाळी कधी थांबते, ही माहिती आता शोधली तर मिळते. ओळख प्रमाणपत्रासाठी अर्ज कुठे करायचा तेही मिळतं. मला मराठीत कुठेच सापडलं नाही ते असं, की या सगळ्यात माणसाच्या इच्छेचं काय होतं. कोण आवडतं, कोणाचा हात लागलेला चालतो, आधीपासून सोबत असलेल्या माणसाचं काय होतं. डॉक्टर एका वाक्यात उरकतात आणि आपल्यालाही विचारायची लाज वाटते.

मी ट्रान्स पुरुष आहे, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंदला गेलेला पुरुष. वय एकतीस, राहायला नाशिकला सिडकोत, नोकरी दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये क्वालिटीला. २०२१ च्या पावसाळ्यात सुरुवात केली, मोठी कामं २०२४ च्या सुरुवातीला आटोपली. जसं घडलं तसं लिहितोय. काही गोष्टी खाजगी आहेत, ज्यांना नको असतील त्यांनी सरळ प्रमाणपत्राच्या भागावर जावं.

लहानपणाबद्दल फार लिहीत नाही. भावाचे शर्ट, केस कापण्यावरून भांडणं, ‘मोठी झाली की सुधारेल’, हे आपल्यातल्या बहुतेकांचं थोड्याफार फरकाने सारखंच असतं. इथे कामाचं एवढंच, की मी बरीच वर्षं स्वतःला लेस्बियन समजत होतो. मुलगी आहे, मुली आवडतात, म्हणजे तेच असणार, असा साधा हिशोब. २०१८ मध्ये एक मैत्रीण भेटली. ६ सप्टेंबरला समलिंगी संबंध गुन्हा नाही असं सांगणारा सुप्रीम कोर्टाचा ३७७ चा निकाल आला त्या संध्याकाळी आम्ही दोघं कॉलेज रोडला जाऊन दणकून जेवलो. तिला तिचं नाव सापडलं होतं. मला सापडल्यासारखं वाटत होतं, पण एक गोष्ट बसत नव्हती. दिवा बंद पाहिजे, टी-शर्ट अंगातच पाहिजे. मी तिला जवळ घ्यायचो, तिने मला हात लावलेला मात्र चालायचा नाही. ती समजायची मी लाजतो. मीही तेच समजायचो.

लॉकडाऊनमध्ये घरी बसून बरंच वाचलं आणि जुलै २०२१ मध्ये नाशिकमधल्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. सातशे रुपये फी. दहा मिनिटं ऐकलं, लग्न का करत नाही विचारलं, झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. तेव्हा पहिली सूचना ही, की नंबर लावण्याआधी फोन करून स्पष्ट विचारा: जेंडरच्या केसेस बघता का, हार्मोनसाठी पत्र देता का? रिसेप्शनिस्ट गोंधळली तरी हरकत नाही, डॉक्टरांना विचारून सांगा म्हणायचं. पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचतात. रात्री-बेरात्री अगदीच जीव घाबरा झाला तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं. मी सुरुवात केली तेव्हा ती नव्हती, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली.

नंतर पुण्याच्या एक समुपदेशक ऑनलाइन मिळाल्या. सेशनचे हजार रुपये, पंधरा दिवसांतून एकदा. घरात सगळे असायचे म्हणून मी स्कूटर घेऊन त्रिमूर्ती चौकाच्या पुढे एका मोकळ्या प्लॉटपाशी जायचो आणि कानात इअरफोन घालून बोलायचो. कपडे, नाव, शाळा हे सगळं बोलून झाल्यावर एकदा त्यांनी विचारलं, “डोळे मिटून कोणाच्या तरी जवळ असल्याची कल्पना करता, तेव्हा तुमचं स्वतःचं शरीर कसं असतं?”

मी उत्तर दिलं नाही. पुढच्या सेशनपर्यंत वेळ मागून घेतला. खरं म्हणजे उत्तर मला तिथल्या तिथे माहीत होतं. त्या कल्पनेत मी कधीच बाई नव्हतो. सपाट छाती, जाड आवाज, बाकी चेहरा माझाच. वयात आल्यापासून हे असंच चालू होतं आणि मला वाटायचं सगळ्याच मुलींचं असं असेल.

डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनी ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि पत्र मिळालं. त्यावर ‘जेंडर इन्काँग्रुअन्स’ असं लिहिलेलं, म्हणजे जन्माच्या वेळी नोंदलेलं लिंग आणि स्वतःला जाणवणारं लिंग न जुळणं. मी घाबरून विचारलं, म्हणजे मी मनोरुग्ण का? डॉक्टरांनी समजावलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या नव्या यादीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू होणार होती, हे मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात टाकलंय. पत्र पुढच्या डॉक्टरांसाठी लागतं. त्याच्या दोन-तीन मूळ प्रती सही-शिक्क्यानिशी मागून घ्या, झेरॉक्स प्रत्येक ठिकाणी चालत नाही.

पत्र हातात, पण जानेवारी ते एप्रिल द्राक्षवाल्याला मरायलाही सुट्टी नसते. बागेत ब्रिक्स म्हणजे द्राक्षाची गोडी मोजायची, मण्याचा आकार बघायचा, कंटेनर वेळेत भरायचा. त्यामुळे हार्मोनचे डॉक्टर थेट मे २०२२ मध्ये. ठक्कर बाजारहून पुण्याची बस, पहाटे निघून रात्री परत. पहिल्या भेटीत फक्त तपासण्या लिहून दिल्या: हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण), लिव्हर, लिपिड, साखर, हार्मोनच्या पातळ्या, ओटीपोटाची सोनोग्राफी. सगळं मिळून चार हजारांच्या आसपास. तपासण्या नाशिकमध्ये करून रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर पाठवले तरी चालतं, हे आधी विचारून घ्या, एक फेरी वाचते.

दुसऱ्या भेटीत संमतीपत्रक. यातलं काय परत फिरतं, काय फिरत नाही, हे डॉक्टरांनी बोटाने दाखवत वाचून घेतलं. आवाज आणि चेहऱ्यावरचे केस फिरत नाहीत. इंजेक्शन बंद केलं तर पाळी परत येऊ शकते, चरबीची ठेवण पूर्वीसारखी होऊ शकते. मूल हवं असेल तर बीजांडं गोठवण्याचा विचार आधी करा म्हणाले. खर्च ऐकून मी विचार सोडला, पण तो प्रश्न त्यांनी विचारला हे बरं झालं. कामेच्छेबद्दल एकच वाक्य: “ती वाढेल, घाबरू नका.”

मला २५० मिलिग्रॅमचं मिश्र टेस्टोस्टेरॉन दर तीन आठवड्यांनी सुरू झालं. इंजेक्शन तीन-चारशे रुपयांना पडायचं, टोचायचे पन्नास वेगळे. दहा ते चौदा आठवड्यांतून एकदा घ्यायचं हजार मिलिग्रॅमचं पण येतं, ते महाग. गल्लीतल्या दवाखान्यातल्या सिस्टरने आधी नकार दिला, चिठ्ठी दाखवल्यावर तयार झाल्या. “कशाचं आहे हे?” “हार्मोन कमी आहेत.” “बरं.” एवढ्यावर भागलं. औषध तेलातलं असतं, त्यामुळे घट्ट. टोचण्याआधी कुपी दोन-चार मिनिटं मुठीत धरून कोमट करायची आणि हळूहळू सोडायला सांगायचं, नाहीतर कुल्ल्यात दोन दिवस गाठ राहते. बाजू आलटून-पालटून.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं त्याबद्दल.

पहिल्या महिन्यातच इच्छा बदलली. वाढली हे तर खरंच, पण तिची जात बदलली. आधी माझ्या मनात काही यायचं ते एखाद्या आठवणीतून, बोलण्यातून, वेळ घेऊन यायचं. आता ते कुठूनही, कधीही. दिंडोरीच्या बसमध्ये शेजारच्याचा खांदा लागला तरी. अठ्ठाविसाव्या वर्षी सोळावं लागलं होतं आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती. मला त्याची शरम वाटायची. लहानपणापासून ज्या पोरांच्या नजरेचा राग आला, त्यांच्यासारखे झालो की काय असं वाटायचं. समुपदेशक बाईंना हे सांगायला मला तीन सेशन लागली असतील. त्या म्हणाल्या, इच्छा येणं तुमच्या हातात नाही, नजर कुठे ठेवायची ते आहे, आणि हे सोळाव्या वर्षाच्या पोरांनाही कोणीतरी सांगायला हवं असतं. वर्षभराने ते आपोआप निवळलं. आता जे आहे ते झेपण्याइतकं आहे.

शरीरातही फरक पडले. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पाळी थांबली. खालच्या अवयवाची (क्लिटोरिसची) वाढ होते, तेव्हा सुरुवातीला जीन्सची शिवण लागली तरी दुखतं. सैल सुती बॉक्सर घ्या, सहा महिन्यांत सवय होते. योनीमार्ग कोरडा पडतो, जळजळ होते, संबंधात दुखू शकतं. यावर वॉटर-बेस्ड ल्युब्रिकंट चालतं आणि जास्त त्रास असेल तर डॉक्टर फक्त तिथेच लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम देतात, त्याने दाढी-मिशी मागे जात नाही. मला हे विचारायला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावं लागलं. अर्धवट मिशी घेऊन गरोदर बायकांच्या रांगेत बसायचं म्हणजे काय, ते बसल्याशिवाय कळत नाही. आधी फोन करून दिवसातला शेवटचा नंबर मागायचा, बहुतेक जण देतात. आणि हे ठळक अक्षरात समजा: पाळी थांबली म्हणजे गर्भ राहत नाही असं नाही. टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नव्हे.

पण सगळ्यात मोठा बदल मोजता येणारा नव्हता. त्या ऑगस्टमध्ये एका रात्री मी पहिल्यांदा मैत्रिणीचा हात बाजूला केला नाही. छाती तीच होती, टी-शर्टही अंगात होता. तरीही आत कुठेतरी खात्री आली होती की ती ज्याला हात लावतेय तो मीच आहे. ती रडली, मीही. पुढचे दोन महिने आमचे त्या चार वर्षांतले सगळ्यात चांगले गेले.

आणि त्याच दोन महिन्यांत ते सुटायला लागलं. आधी ती म्हणाली, तुझ्या अंगाचा वास बदललाय. मग आवाज. मग गालावर खुरटे केस. रस्त्याने जाताना लोक आता आम्हाला मुलगा-मुलगीचं जोडपं समजत. सोमेश्वरला धबधब्यापाशी कोणी वळून बघेना. मला सुटल्यासारखं वाटायचं, तिला पुसल्यासारखं. “मला तू हवा आहेस आणि मला पुरुष नको आहे,” ती म्हणाली. “दोन्ही खरं आहे. मी काय करू?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. डिसेंबर २०२२ मध्ये आम्ही वेगळे झालो. भांडण नाही, सोडून गेली वगैरे नाही. सोबतच्या माणसाची ओळखही आपल्याबरोबर हलते आणि त्याबद्दल त्याने कधी संमतीपत्रकावर सही केलेली नसते. तुमचं कोणी असेल तर त्यांना स्वतःचा समुपदेशक मिळवून द्या, तुमचाच वाटून घेऊ नका. काही जोडपी टिकतात, मी दोन ओळखतो.

पॅकहाऊसमध्ये मी काही जाहीर केलं नाही. पॅकिंगला पेठ-सुरगाण्याकडच्या बायका असतात, हंगामभर तिथेच राहतात. २०२२ च्या एप्रिलमध्ये मी त्यांची ताई होतो. २०२३ च्या जानेवारीत टोळी परत आली तेव्हा एक मावशी पहिले दोन आठवडे “घसा बसला का गं?” विचारायच्या, काढा करून द्यायच्या. एक दिवस पनेटचं (द्राक्षं भरायच्या छोट्या डब्याचं) वजन करता करता, मान वर न करता म्हणाल्या, “दादा, ह्या क्रेटमधे मणी गळालेत बघा.” त्यानंतर सगळ्याच दादा म्हणायला लागल्या. मॅनेजरना मात्र मी आधीच प्रमाणपत्र दाखवलं होतं. त्यांनी ऑफिसमधला एकट्याने वापरायचा संडास मला चालेल का एवढंच विचारलं.

प्रमाणपत्राचं सविस्तर सांगतो. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्यात दोन टप्पे होते. कलम ६ प्रमाणे जिल्हाधिकारी ‘ट्रान्सजेंडर’ अशी नोंद असलेलं ओळख प्रमाणपत्र द्यायचे. त्याला वैद्यकीय तपासणी लागली नाही, प्रतिज्ञापत्र पुरलं. ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ अशी नोंद हवी असेल तर शस्त्रक्रियेनंतर कलम ७ प्रमाणे सुधारित प्रमाणपत्र. म्हणजे ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांबद्दलच्या २०१४ च्या नाल्सा निकालात सुप्रीम कोर्टाने शस्त्रक्रियेची सक्ती नको म्हटलं आणि कायद्याने ती मागच्या दाराने आत घेतली, असं माझं मत आहे. असो. हे मी केलं तेव्हाचे नियम, तुम्ही अर्ज करताना त्या वेळचे बघून घ्या.

अर्ज केंद्र सरकारच्या ट्रान्सजेंडर पोर्टलवर ऑनलाइन केला, फी नव्हती. फोटो, पत्त्याचा पुरावा आणि ठरलेल्या नमुन्यातलं प्रतिज्ञापत्र. मी सीबीएस बसस्टँडजवळ नोटरी करून घेतलं. वकिलांनी मजकूर वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि “सही इथे” म्हणाले. नवीन नाव अर्जात अगदी त्याच स्पेलिंगने लिहा जे पुढे आयुष्यभर हवंय, वडिलांच्या नावासकट. सप्टेंबर २०२२ च्या मध्यात अर्ज टाकला, दिवाळीच्या आधी प्रमाणपत्र आणि ओळखपत्र डाउनलोड झालं. त्यावर आधार झालं, मग राज्य राजपत्रात नाव, मग पॅन. हा क्रम पाळा, कारण पुढचा प्रत्येक जण मागचा कागद मागतो. आधारमध्ये लिंगाची नोंद सहजासहजी पुन्हा पुन्हा बदलत नाही, त्यामुळे पुढे ‘पुरुष’ करायचं असेल तर आधारला कधी हात लावायचा याचा आधीच विचार करा. एका बँकेने मात्र जुनं खातं ‘त्या मॅडमचं’ आहे, मॅडमना घेऊन या, असं सांगितलं. मी म्हटलं, आणलंय. ते पटायला तीन महिने आणि एक लेखी तक्रार लागली.

शस्त्रक्रिया छातीची. तोपर्यंत बाइंडर, म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणून आतून घालायचा घट्ट कपडा. चांगला बाइंडर तेव्हा बारा-तेराशेला यायचा. आठ तासांच्या वर घालायचा नाही, घालून झोपायचं नाही आणि क्रेप बँडेज तर कधीच गुंडाळायचं नाही, बरगड्यांना आणि श्वासाला त्रास होतो. पॅकहाऊसच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मला तो जाणवायचाही नाही, पण बाहेर एप्रिलच्या उन्हात बागेत उभं राहिलं की पाठीवर घामोळ्यांचे पट्टे उठायचे.

पैसे भिशीतून आले, दोन भिश्या आणि थोडी बचत. मुंबईच्या एका खाजगी रुग्णालयात सगळं मिळून एक लाख सत्तर हजार. आयुष्मान भारत टीजी प्लस ही वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची योजना ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर झाली होती, पण मी गेलो त्या ठिकाणी ती लागू नव्हती. तुम्ही आधी चौकशी करा. सर्जननी मानसोपचारतज्ज्ञांची दोन पत्रं मागितली, त्यातलं एक सहा महिन्यांच्या आतलं. तारीख जून २०२३.

मम्मीला मी वर्षभर आधी सांगितलं होतं. तेव्हा ती काही बोलली नाही, आठवडाभर फक्त जेवायला वाढायची. मुंबईला मात्र तीच आली. छातीच्या दोन्ही बाजूंना ड्रेन लावलेले असतात, प्लास्टिकच्या नळ्या आणि टोकाला डबी, त्यात लालसर पाणी साठतं. रोज किती मिलिलिटर आलं ते लिहून ठेवायचं, आकडा पुरेसा उतरला की डॉक्टर काढतात. मम्मीने दुधाच्या हिशोबाची डायरी सोबत आणली होती. जून महिन्याच्या पानावर एका बाजूला म्हशीचं अर्धा लिटर आणि दुसऱ्या बाजूला ‘डावा ४०, उजवा ३५’. ती डायरी तिने अजून रद्दीत दिलेली नाही.

परत येताना गाडी केली. पट्टा आणि छाती यांच्यात छोटी उशी धरायची, कसारा घाटात तिची किंमत कळते. सहा आठवडे दाबाची बनियन, हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, उताणं झोपायचं. टाके भरल्यावर व्रणांवर सिलिकॉन जेल.

पहिल्यांदा शॉवर घेतला तेव्हा पाणी छातीवर पडलेलं कळलंच नाही. स्तनाग्रं कापून परत बसवतात, त्यांची संवेदना बहुतेक जाते. माझी गेलीच. भोवतालची कातडी हळूहळू, तुकड्या-तुकड्याने जागी झाली. ज्यांना छातीच्या स्पर्शाने सुख मिळतं त्यांनी शस्त्रक्रियेआधी सर्जनशी हे नीट बोलावं. मला कधीच मिळत नव्हतं, म्हणून मला ते गमावल्यासारखं वाटलं नाही. उलट आता कोणीही तिथे हात ठेवला तर मी दचकत नाही. खालची शस्त्रक्रिया मी केलेली नाही. तिचे टप्पे, खर्च, गुंतागुंत सगळं वाचलं आणि सध्या नको असं ठरवलं. त्यावाचून माझं अडत नाही. ज्यांचं अडतं त्यांनी जरूर करावी.

तब्येत सुधारल्यावर इंदिरानगरला जिम लावली. तिथे एक जण यायचा, रुंद पाठीचा, अबोल. मी आरशातून त्याच्याकडे बघत राहायचो. हे बघणं मला नवं नव्हतं, शाळेपासून पोरांकडे मी असंच बघत आलोय, आणि तो हेवा असतो हे मी कधीच ठरवून टाकलं होतं: मला त्याच्यासारखं व्हायचंय. आता खांदे आले, आवाज आला, छाती सपाट झाली. तरी नजर जाईना. तेव्हा कळलं की त्यात हेव्याच्या खाली आणखीही काहीतरी दडलेलं होतं.

समुपदेशक बाईंकडे परत गेलो. माझं म्हणणं असं, की टेस्टोस्टेरॉनने मला पुरुष आवडायला लावले. त्या म्हणाल्या, ट्रान्झिशननंतर, म्हणजे हे सगळे बदल केल्यावर, काहींचं आकर्षण बदलतं असं अभ्यासांत दिसलंय, पण हे हार्मोनमुळेच झालं असं सरळ म्हणता येत नाही. मग आम्ही मागे जात गेलो. पूर्वी एखाद्या पुरुषाजवळ जायचं म्हणजे बाई होऊन जायचं. ते मला इतकं अशक्य होतं की त्यापुढे काय आवडलं असतं, हे बघायला मी कधी थांबलोच नव्हतो. मुली अजूनही आवडतात. त्यामुळे मी आता कोण, याला बायसेक्शुअल म्हणा, मला चालतं.

याच सुमारास, १७ ऑक्टोबर २०२३ ला, समलिंगी विवाहाचा निकाल आला. समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क नाही, पण भिन्नलिंगी नात्यात असलेल्या ट्रान्सजेंडर व्यक्तीला सध्याच्या कायद्यांखाली लग्न करता येईल, असं कोर्टाने म्हटलं. जुन्या मैत्रिणीचा फोन आला. “म्हणजे आता आपलं लग्न होऊ शकलं असतं,” ती म्हणाली आणि आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो. माझा कलम ७ चा अर्ज तेव्हा नुकताच गेला होता. त्यासाठी शस्त्रक्रिया झाली त्या रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचं पत्र लागलं. डिस्चार्ज घेतानाच ते मागून घ्या, नंतर त्यासाठी पुन्हा मुंबई गाठावी लागते. छातीच्या शस्त्रक्रियेचं पत्र माझ्या बाबतीत चाललं. डिसेंबरमध्ये ‘पुरुष’ असं लिहिलेलं प्रमाणपत्र आलं. आता बाईशी लग्न करता येईल, पुरुषाशी नाही. कागदावर बाई होतो तेव्हा बरोबर उलटं होतं.

भेटीगाठींबद्दल थोडं. डेटिंग अॅपवर मी ट्रान्स असल्याचं आधीच लिहितो. त्याने नव्वद टक्के माणसं गळतात आणि ती गळलेलीच बरी. पहिली भेट नेहमी गर्दीच्या जागी, आणि कुठे जातोय ते जुन्या मैत्रिणीला सांगून. काही जण निव्वळ कुतूहलाने येतात. एकाने चहा येण्याआधीच ‘खरं नाव’ विचारलं, मी चहा न घेताच उठलो. कंडोम वापरा आणि एचआयव्हीची तपासणी करत जा, सिव्हिल हॉस्पिटलच्या आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) ती मोफत होते आणि गुप्त राहते.

३० मार्च २०२४ ला रंगपंचमी होती. ऐन हंगामात अर्धी सुट्टी टाकून जुन्या नाशकात रहाडीवर गेलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जमिनीतल्या जुन्या हौदात फुलांचा रंग उकळून ओततात आणि लोक वरून उड्या मारतात, पेशव्यांच्या काळापासून. त्याला धप्पा म्हणतात. मी आयुष्यभर कडेला उभा राहून बघितलं होतं, भिजलेला शर्ट अंगाला चिकटतो म्हणून. या वेळी शर्ट काढूनच रांगेत उभा राहिलो. मागच्याने व्रणांकडे बोट करून विचारलं, “कसलं ऑपरेशन झालं भाऊ?” “छातीचं.” “बायपास? एवढ्या लहान वयात?” मी हो म्हणालो. त्याने काळजीने मला पुढे नंबर दिला.

आत्ताची स्थिती अशी: इंजेक्शन चालू. मध्ये हिमॅटोक्रिट वाढलं म्हणून तीनचं अंतर चार आठवड्यांवर गेलं. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि नंतर निदान वर्षातून एकदा-दोनदा ही तपासणी चुकवू नका, त्रास काहीच जाणवत नाही आणि रक्त घट्ट होत जातं. दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रांवरचं नाव अजून बाकी आहे. एकाशी चार महिने बोलणं चालू आहे, अंबडला एका कंपनीत आहे, त्याला सगळं माहीत आहे.

मम्मीच्या भिशीतल्या एका काकूंनी परवा माझ्यासाठी त्यांच्या भाचीचं स्थळ आणलं. मम्मी खुश होऊन मला विचारायला आली, काय सांगू म्हणून. मी म्हटलं, मी कदाचित मुलगाही आणीन घरी.

ती बराच वेळ भेंडी चिरत राहिली. मग म्हणाली, “अरे, मुलगाच आणायचा होता तर एवढं कशाला केलंस? तशीच राहिली असतीस की.”

हा प्रश्न तुम्हालाही विचारला जाईल, मम्मीच नाही, डॉक्टरही विचारतील. मी तिला म्हटलं की मी हे कोणाला आणण्यासाठी केलं नव्हतं, मला स्वतःला आधी यायचं होतं. तिला ते पटलं की नाही माहीत नाही. काकूंना तिने फोन करून सांगितलं, “द्राक्षाचा हंगाम संपू दे, मग बघू.”